पाय तुझा नव्हता

डोंगरपाडा, ता. तलासरी
१७ एप्रिल २०१६

चिमण्या,

आधी अक्षराला हसून घे, मग वाच. सुकी म्हणते, कोंबडी चिखलातून पळत गेली की असंच दिसतं. तुझ्या बहिणीची जीभ तुला ठाऊकच आहे. पण हे डाव्या हाताचं पहिलंवहिलं पत्र आहे, जरा मान ठेव. दवाखान्यात हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी सांगितलं, रोज थोडंतरी लिहायचं, म्हणजे डावा हात वळेल. मी विचारलं, काय लिहू? म्हणाल्या, कुणाला तरी पत्र लिहा. आता मला पत्र लिहायला लांबचं माणूस आहेच कोण? सगळे सगेसोयरे हाक मारली तर ओ देतील इतक्या अंतरावर. पळून गेलेला तू एकटा. तेव्हा भोग आता.

होळी करून आपल्या पाड्यातला नारू गुजरातेत वेरावळला बोटीवर परत गेला आणि त्याच्याबरोबर तूही गेलास, हे आम्हाला मागाहून कळलं. मी तेव्हा दवाखान्यात. तुझा फोन बंद. बोटमालकाचा पत्ता नारूनं दिला. चांगलं केलंस हो! मित्राचा हात कंपनीतल्या पत्र्याची झाकणं कापायच्या प्रेसमध्ये सापडला की समुद्रात जाऊन मासे मारायचे, ही नवीनच रीत काढलीस.

हाताचं सांगतो. मधली तिन्ही बोटं गेली. अंगठा आणि करंगळी शाबूत. म्हणजे माझा उजवा हात आता दिवसभर ‘फोन कर’ अशी खूण करत असतो. परवा तलासरीच्या बाजारात मी डोकं खाजवायला हात वर केला, तर आपल्या शेजारच्या प्रेसवरचा रविंद्र समोरून येत होता, त्यानं खिशातून फोन काढून कानाला लावला. मग दोघंही हसलो. तो जरा उशिरा हसला.

एकच गोष्ट लिहितो आणि विषय बंद करतो. पाय तुझा नव्हता. तू पुढून पत्रा लावलास, पेडल मारलंस, प्रेस खाली आला, वर गेला. मी मागून झाकण उचलायला हात घातला आणि तो आपणहून परत खाली आला. डबल मारला. इतक्या चटकन दुसऱ्यांदा पेडल मारायचं तर घोड्याचा पाय लागेल.

तुझी आय विचारते, तिकडं भाकरी मिळते का? सुकीला पाचवा लागलाय. तू मामा होणार, आणि असा पळपुटा मामा. उत्तर लिही. काही सुचत नसेल तर शिव्या लिही.

नविन


डोंगरपाडा
२१ जून २०१६

चिमण्या,

पावसाळ्यासाठी बोटी किनाऱ्याला लागल्या. आपल्या भागातले झाडून सगळे खलाशी घरी आले. तलासरीच्या स्टँडवर नवे शर्ट, नवे गॉगल आणि मोठमोठ्या पिशव्या घेऊन उतरत होते. आय रोज जाऊन बसायची. नारू उतरला. त्यानं तुझ्याऐवजी तुझा निरोप उतरवला, की चिमण जाळी दुरुस्त करायला तिकडंच थांबलाय. आय त्याला म्हणाली, “जाली काय पळून जातात का रं? पोऱ्या पळून गेला त्याचं काय?” नारू बिचारा पिशवी डोक्यावर घेऊन निघून गेला.

त्यानं मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं, की तुझ्या मनात पक्कं बसलंय, पाय तुझाच चुकला. हे असं होणार ते मला ठाऊकच होतं. तारप्याच्या नाचात सगळ्या पाड्याचा पाय एकीकडं आणि तुझा दुसरीकडं. लहानपणापासून अख्खा फेर तुला ओरडत आलाय, “चिमण, पाय!” आणि प्रेसवर त्या गोंगाटात काही ऐकू यायचं नाही म्हणून आपण दोघांनी तारप्याचाच ठेका धरला होता. मान हलली की पत्रा, मान हलली की पेडल, मान हलली की माझा हात. फिटर म्हणायचा, हे दोघं काम करतात की नाचतात? झालं! त्या दिवशी ठेका मोडला आणि तू लगेच ठरवून टाकलंस, की मोडला म्हणजे चिमणनंच मोडला. अरे गाढवा, नाचात तुझा पाय रोज चुकतो. प्रेसवर तो एकदाही चुकला नव्हता. मी समोर होतो. माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

ठेकेदार जिग्नेशशेठ घरी येऊन गेला. सफरचंदं आणली होती. काय बोलला ते राहू दे. सफरचंदं पिठूळ निघाली.

आमच्या लग्नाचंही अडलंय. आपल्याकडं आधी संसार आणि जमेल तेव्हा लगीन, त्यामुळे घाई कुणालाच नाही. माझ्या आईबापाच्या लग्नात मी स्वतः पंगतीत बसून जेवलो होतो, मला वाढलेलं आठवतंय. पण आय हटून बसलीय. सुकीला खांद्यावर घेऊन नाचायला तिचा भाऊ पाहिजे, भाऊ नाही तर मांडव नाही. मी म्हटलं, रविंद्रला सांगू. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी भाताच्या आवणीच्या गोष्टी काढल्या.

नविन


अच्छाड
५ नोव्हेंबर २०१६

चिमण्या,

मुलगी झाली! आवणी उरकली आणि ही आली. नाव हिरी. नाक तुझं आहे, त्याला आता इलाज नाही. झोपताना माझी करंगळी मुठीत धरते आणि सोडत नाही. ती एवढी एकच धरायला सोयीची आहे म्हण.

कंपनीत परत घेतलं नाही. जिग्नेशशेठ म्हणाला, बघू. त्याचं ‘बघू’ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मग मी अच्छाडच्या नाक्यावर धंदा काढला. ट्रकांची रांग लागते, ड्रायव्हर कंटाळलेले असतात, त्यांना उकडलेल्या शेंगा विकायच्या. सुकी उकडते, मी विकतो.

पहिल्याच दिवशीची गंमत ऐक. मी हात वर करून “शेंगा, शेंगा” ओरडत होतो. गुजरातकडं निघालेली एक चकचकीत गाडी करकचून थांबली. काच खाली आली. आतला माणूस हळूच म्हणाला, “है क्या?” म्हटलं, “है. गरम है.” तो दचकला. “गरम? कौनसी है?” म्हटलं, “शेंगा.” तो डोळा मारून म्हणाला, “अरे वो ठीक है, असली चीज निकाल.” मला काही कळेना. मग त्याची नजर माझ्या हातावर आहे हे दिसलं. अंगठा तोंडाकडं, करंगळी आभाळाकडं! पलीकडं दारूबंदी, आणि मी हद्दीवर उभा राहून सगळ्या हायवेला बाटलीची खूण करतोय! त्या दिवशी अशा किती गाड्या थांबल्या म्हणून सांगू. एका हवालदारानंही येऊन विचारपूस केली. तो चौकशीला आला होता की गिऱ्हाईक म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता मी हात फडक्यात गुंडाळून उभा राहतो. गिऱ्हाईक कमी झालं, पण अब्रू वाचली.

हात बरा आहे. नसलेल्या बोटांना कधीकधी खाज सुटते, आणि ती खाजवायची कुठं हा प्रश्न पडतो. ते सोडलं तर बरा आहे.

नविन


डोंगरपाडा
१९ फेब्रुवारी २०१७

चिमण्या,

नारूच्या हाती पाठवलेलं बोचकं मिळालं. उघडलं तर सुके बोंबील! चिठ्ठी नाही, चपाटी नाही, नुसते बोंबील. वर्ष होत आलं, एक अक्षर लिहिलं नाहीस आणि पाठवलेस काय तर डहाणूच्या दारात बोंबील!

आम्हाला संपेनात म्हणून त्यातले थोडे मी डहाणूच्या बाजारात विकायला घेऊन गेलो. तिथं विठाबाई म्हणून एक म्हातारी बसते, जन्म मासळीत गेलेला. तिनं एक बोंबील उचलला, वास घेतला, मोडून बघितला. “हे आपल्याकडले नाय. कुठून आणले?” म्हटलं, मित्रानं वेरावळहून पाठवले. ती इतकी हसली की शेजारच्या चारी बायकांना बोलावून सांगितलं. “मित्राला बोल, पुढल्या वेळेला समुद्राला मीठ पण पाठव!” मग हसता हसता तिची नजर माझ्या हातावर गेली, फडकं सुटलं होतं. म्हणाली, “मशीन काय?” मी मान हलवली. “भरपाई?” मी मान हलवली नाही. ती म्हणाली, “माझी पोरगी कल्पिता वकील हाय. स्टेशनाजवळ ऑफिस हाय. जा तिच्याकडं, मी पाठवला बोल.”

मी गेलो नाही. का ते विचारू नकोस.

एक मात्र लिहितोच, थट्टा बाजूला ठेवून. बोचक्याची गाठ तू बांधलेली होती, खालून दोरी काढून वर दोनदा फिरवतोस ती. आयनं ती सोडली नाही, बोचकं बाजूनं फाडलं. गाठ तशीच खुंटीला टांगून ठेवलीय. मला तुझी फार आठवण येते, चिमण. बोटांपेक्षा जास्त येते. बोटं गेली ती गेली, तू तर आहेस, आणि तरी नाहीस.

नविन


अच्छाड
३ सप्टेंबर २०१७

चिमण,

धंदा बसला. जीएसटी आला आणि नाक्यावरची ट्रकांची रांग आटली. आता गाड्या थांबतच नाहीत. पूर्वी थांबायच्या तर मी हात लपवायचो, आता उघडा हात हलवतो तरी कुणी बघत नाही. मी चारोटीला जागा बघतोय, तिथं खाणावळींची गर्दी असते. ते होईल. आज त्यासाठी लिहीत नाही.

काल रविंद्र धावतपळत आला. आपल्या प्रेसवर आता तोच असतो. तो पाणी प्यायला वळला होता, पाय पेडलच्या आसपासही नव्हता. काढलेला हातमोजा खालच्या पाट्यावर राहिला होता. प्रेस आपोआप धाडकन खाली आला आणि हातमोज्याचा पापड केला! तो पापड घेऊन पोरगा माझ्याकडं आला. फिटर म्हणतो, आतला खटका झिजलाय, मी केव्हापासून सांगतोय, शेठ म्हणतात, दिवाळीत बघू.

ऐकलंस? पेडलवर कुणाचाच पाय नव्हता! तुझाही नव्हता, मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय.

आता जिग्नेशशेठ सफरचंदं घेऊन आला होता तेव्हा काय बोलला ते सांगतो. म्हणाला, “नविनभाय, तक्रार करायची असेल तर कर. पण पोलीस येणार, विचारणार पेडल कोणी मारलं. चिमणनं. मग चिमण आत जाणार. तुझी बायको त्याचीच बहीण ना? बघ बुवा.” म्हणून मी गप्प बसलो. कुठं गेलो नाही, काही मागितलं नाही. सुकीलाही सांगितलं नाही, आत्ता सांगितलं. तिनं मला जे काही सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणाली, “उद्याच्या उद्या विठाबाईच्या पोरीकडं चल. नायतर मी एकटी जाते.”

नविन


डोंगरपाडा
२० जानेवारी २०१८

चिमण्या,

तुझ्या बहिणीनं मला वकीलबाईंपुढं नेऊन बसवलं. कल्पिताताई वयानं आपल्याएवढ्याच असतील, पण बोलायला आईवर गेल्यात. मी जिग्नेशशेठचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. “ज्याचा हात गेला त्यानं भरपाई मागायची, त्यात मित्राला जेल कशाला होईल? कुणी सांगितलं हे? आणि तुम्ही इतके दिवस ते ऐकून बसलात?” सुकी माझ्याकडं बघत होती. मी छताकडं बघत होतो.

होळीला दोन वर्षं होतात. मुदत तेवढीच असते. होळीच्या आत अर्ज पडला, हे नशीबच म्हणायचं. पण कंपनीनं उत्तर काय दिलं माहीत आहे? नविन नावाचा कुणी माणूस आमच्याकडं कामालाच नव्हता! ठेकेदाराच्या हजेरीत नाव नाही, पगार रोख, ओळखपत्र कधी दिलं नाही. माझा हात मग काय आंब्याच्या झाडावरून पडून गेला?

वकीलबाई म्हणाल्या, त्या वेळी समोर कोण होतं? म्हटलं, चिमण. तो कुठंय? म्हटलं, समुद्रात. “त्याला काढा बाहेर. मी कामावर होतो आणि हा माझ्यासमोर होता, एवढं त्यानं येऊन सांगितलं पाहिजे.” रविंद्र येईन म्हणतो, पण त्याची नोकरी अजून तिथंच आहे. त्याला भीती वाटते आणि ती खरी आहे. शिवाय तो शेजारच्या प्रेसवर होता. समोर तू होतास.

चारोटीला जागा मिळाली. शेंगांबरोबर आता चिकूही ठेवतो. हात बरा आहे. हिरी चालायला लागलीय, सारखी बाहेर पळते. मामावर गेलीय म्हणायचं.

ये बाबा आता.

नविन


डोंगरपाडा
१६ डिसेंबर २०१८

चिमण,

आज थट्टा नाही.

तारीख २२ जानेवारीला आहे, मंगळवार. साक्षीदाराचं नाव म्हणून तुझं नाव दिलंय. तू आला नाहीस तर अर्ज बुडेल. बुडू दे. माणसं त्याहून वाईट अवस्थेत जगतात, चारोटीला मी रोज बघतो.

पण आय आता स्टँडवर जात नाही. पावसाळ्यात बोटी लागल्या तेव्हा घरातच बसून होती. मी विचारलं तर म्हणाली, पाय दुखतात. तिचे पाय दुखत नाहीत, मला माहीत आहे. हिरीला विचारलं मामा कुठंय, तर ती मावळतीकडं हात करते. तिला वाटतं, मामा म्हणजे एक दिशा आहे.

मी किती पत्रं लिहिली. तू मेलास का जगलास एवढंही कधी कळवलं नाहीस. मला तुझा राग आला आहे. हात गेला तेव्हा आला नव्हता, आता आला आहे.

नविन


डोंगरपाडा, ता. तलासरी
१७ फेब्रुवारी २०१९

हिरू तांडेल आणि बोटीवरची सगळी मंडळी, वेरावळ,

तुमचं पत्र पोचलं. इतक्या वर्षांत त्या पत्त्यावरून आलेलं हे पहिलं उत्तर, आणि तेही चिमणचं नाही, त्याची बोट हाकणाऱ्या तांडेलाचं! चिमणची जागा दुसऱ्या खलाशाला दिलीत त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ‘पत्रं बंद झाल्यापासून बोटीवर करमत नाही, पुढं काय झालं ते न कळवणं हा आमच्यावर अन्याय आहे’ असं तुम्ही लिहिलंत ते वाचून सुकी जी आत जाऊन बसली ती जेवायलाच बाहेर आली. माझी पत्रं तुम्ही जाळं टाकून झालं की सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत होता, हे आम्हाला काय ठाऊक! चिमणला पाकीट फोडायचा धीर होत नव्हता म्हणून त्यानं तुमच्या हातात दिलं, आणि तुम्ही पडलात डहाणूकडचे, बोलके. म्हणजे सुकीची जीभ, आयचा हट्ट, हायवेवरची माझी बाटली, सगळं अर्ध्या समुद्राला माहीत आहे. असो. आता लाजून उपयोग नाही.

तुम्ही आणखी एक लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. की पत्रात प्रेसचं आणि पायाचं आलं रे आलं, की चिमण उठून बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसायचा आणि तो भाग संपला की परत यायचा. म्हणजे त्याला हिरीचं नाक माहीत, बोंबलांवरून झालेली फजिती माहीत, आणि ज्यासाठी मी लिहीत होतो तेवढंच नेमकं माहीत नाही! डिसेंबरचं पत्र वाचून तुम्ही त्याला ‘बंदर आलं की उतर, नाहीतर मी ढकलतो’ म्हणालात. तुमचे उपकार मी विसरणार नाही.

तर ऐका. तो घरी न येता थेट कोर्टात आला. अंगाला मासळीचा वास. कल्पिताताई कोळ्यांची लेक, त्यांनी वास घेतला आणि मला हळूच म्हणाल्या, “साक्षीदार ताजा आहे.” मला तो बघून काय वाटलं ते लिहिता येत नाही. बारीक झालाय, काळा पडलाय. त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही. नाव पुकारल्याबरोबर पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला, आणि कुणी काही विचारायच्या आत हात जोडून म्हणाला, “बाईसाहेब, पाय माझाच व्हता. मना जेलात टाका, पण याच्या हाताचं काय ते करा.”

कंपनीचा वकील गालात हसला. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, “इथं कुणाला जेलात टाकत नाहीत. आणि पाय कुणाचा हे मी विचारलेलंच नाही. कामावर असताना कामगाराला इजा झाली का, एवढंच मला बघायचंय. हा माणूस त्या दिवशी कामावर होता?”

“व्हता ना. माझ्यासमोर व्हता.”

“कंपनी म्हणते, हा त्यांच्याकडं कधी कामालाच नव्हता.”

तांडेल, तुम्ही त्याला चिडलेला पाहिलाय का? मी लहानपणापासून क्वचितच पाहिलाय. “नव्हता? मंग आम्ही दोघं रोज तिथं काय वरातीला जात व्हतो? झाकणं कोण काढत व्हता, यांचा बाप?” बाईंनी टेबलावर हात आपटला, त्यानं माफी मागितली. मग त्यांनी विचारलं, मशीनला हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते, ती होती का? चिमण म्हणाला, “आधी व्हती. माल लवकर निघंना, तर जिग्नेशशेठनं काढायला लावली.” कंपनीच्या वकिलाचं हसू तिथंच संपलं.

मग चिमण येऊन माझ्या बाकड्यावर बसला, माझ्या डाव्या बाजूला. पुढचा साक्षीदार रविंद्र. त्यानं आदल्या दिवशीच ती नोकरी सोडली होती आणि चपटा हातमोजा पिशवीत घालून आणला होता. तो बाईंना सांगायला लागला, की मी पाणी प्यायला वळलो, आणि प्रेस... तेवढ्यात चिमण उठला. तुमच्या बोटीवर उठायचा तसाच, सवयीनं. पण मी त्याचा शर्ट धरला. डावा हात आता चांगला वळलाय, सगळी तुम्हाला लिहिलेल्या पत्रांची कृपा. तो बसला.

“पेडलवर पाय कुणाचा होता?” कल्पिताताईंनी विचारलं.

“कुणाचाच नाय.”

“मग मशीन खाली कसं आलं?”

“आपोआप. आधी पण येयचं. नविनच्या टायमाला पण तसंच आलं, मी बाजूलाच व्हतो. आम्ही सगळे सांगत व्हतो फिटरला.”

चिमणनं ऐकलं. पहिल्यांदाच ऐकलं. तोंडावर दोन्ही हात घेऊन तो वाकून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. शिपाई गप्प करायला आला, तर बाईंनी त्याला हातानंच थांबवलं.

मागाहून, घरी जाताना, त्याच्याकडून आणखी एक कळलं. मी दवाखान्यात होतो तेव्हा जिग्नेशशेठनं त्याला गाठून सांगितलं होतं, तू इथं दिसलास तर भानगड वाढेल, मग मी नविनच्या दवाखान्याचा खर्च बंद करीन. म्हणून हा माझ्या औषधासाठी समुद्रात गेला, आणि मी याला जेल होऊ नये म्हणून तोंड शिवून बसलो. आमच्या मैत्रीचाच दोर करून त्या माणसानं आम्हाला बांधून घातलं, एकाला इथं, एकाला तिथं.

निकाल यायचाय अजून. वकीलबाई म्हणतात, काळजी नको. घरी आयनं चिमणला आधी झाडूनं झोडपलं, मग जवळ घेतलं, मग परत झोडपलं. हिरी पहिले दोन दिवस त्याला घाबरली, आता त्याच्या मानेवरून उतरत नाही. लगीन जूनच्या पहिल्या आठवड्यात धरलंय, बोटी लागल्यावर आणि आवणीच्या आधी, मुद्दाम तुमच्यासाठी. सगळ्यांनी यायचं. बोंबील आणू नका.

आता तुमच्या पैजेचं. भेटल्यावर चिमण पहिलं वाक्य काय बोलला, यावर बोटीवर पैज लागलीय असं लिहिलंत. निम्मे म्हणतात त्यानं माफी मागितली, निम्मे म्हणतात शिवी दिली. सगळेच हरलात.

कोर्टाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो. चिमण म्हणाला, “हात दाखव.” मी फडकं सोडलं. त्यानं तो हात कधी पाहिलाच नव्हता, रक्तात गेलेला तेवढा पाहिला होता. मी आपला सवयीप्रमाणे काहीतरी गमतीचं बोलणार होतो. त्यानं हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, “दुखतो का रं?”

तांडेल, इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना हसवलं. त्या वेळी मला एकही विनोद सुचला नाही. म्हटलं, दुखतो. थंडीत फार दुखतो. नसलेल्या बोटांत जास्त दुखतो. पुडा बांधताना गिऱ्हाईक बघतं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. कुठं पत्रा वाजला तरी मी दचकतो, झोपेतही. सुकीला हे कधी सांगितलं नव्हतं, कुणालाच नव्हतं. मी बोलत गेलो, प्रेसचं बोललो, त्या दिवसाचं बोललो, सगळं.

तो उठून कुठं गेला नाही. बसून ऐकत राहिला.

तुमचा,
नविन